कुठले पाटील? महाराष्ट्रात सगळीकडे सापडणारं हे आडनाव मुळात आडनाव नव्हतंच

कोल्हापूरहून हुपरीकडे जाणाऱ्या बसमध्ये शेजारच्याशी ओळख निघाली आणि तो म्हणाला, "मी पाटील," तर पुढचा प्रश्न ठरलेला असतो.

"कुठले पाटील?"

तो म्हणाला, "गडमुडशिंगीचे." तरी विचारणाऱ्याचं समाधान होत नाही. गाव कळलं, पण गावातल्या कुठल्या पाटलांपैकी? जुन्या वाड्यातले का मळ्यातले? पाहुणे कुठले? मामा कुठले? हे सगळं झाल्यावर मग कुठे त्याला अंदाज येतो की समोरचा माणूस मराठा आहे, जैन आहे, लिंगायत आहे का आणखी कोणी. काही वेळा तेव्हाही येत नाही.

एखाद्याने "मी कुलकर्णी" म्हटलं किंवा "मी कांबळे" म्हटलं की आपल्याकडे लोक मनातल्या मनात खाना भरून मोकळे होतात. ते चांगलं का वाईट हा भाग वेगळा, पण होतं तसंच. पाटील म्हटलं की मात्र हा खाना भरता येत नाही. असं का? आणि हे एकच आडनाव कोल्हापुरात, जळगावात, अलिबागेत आणि विजापुरातसुद्धा कसं काय सापडतं? हे सगळे कुठल्या तरी एका मूळ पुरुषाचे वंशज आहेत का?

अजिबात नाहीत. पाटील हे एका घराण्याचं नाव कधीच नव्हतं. ती एक नोकरी होती.

याचा सगळ्यात चांगला पुरावा शाळेत ऐकलेल्या एका गोष्टीतच आहे. रांझ्याचा पाटील. शिवाजी महाराजांनी एका बाईवर अत्याचार करणाऱ्या ज्या पाटलाचे हातपाय तोडायची शिक्षा दिली, तो हा. गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, पण त्या पाटलाचं आडनाव काय होतं, असं विचारलं तर बहुतेक जण "पाटीलच की" म्हणतील. त्याचं नाव होतं बाबाजी बिन भिकाजी गुजर. म्हणजे आडनाव गुजर, आणि रांझे गावची पाटीलकी त्याच्याकडे. शिवाजी महाराजांचं १६४६ सालचं जे पत्र उपलब्ध आहे, त्यात हा सगळा निवाडा आहे. पाटीलकी जप्त झाली आणि ती त्याच गोतातल्या सोनजी गुजराला दिली गेली. आज एखाद्या अधिकाऱ्याला निलंबित करून त्याच्या खुर्चीवर दुसरा बसवतात, तसंच. आडनाव जप्त करता येत नाही. पद करता येतं.

दुसरं उदाहरण महादजी शिंद्यांचं. १७८४ साली दिल्लीच्या बादशहाने ज्यांना वकील-इ-मुतलक केलं, म्हणजे कारभाराची जवळपास सगळी सूत्रं ज्यांच्या हाती दिली, ते महादजी स्वतःला पाटील म्हणवून घेण्यात धन्यता मानत. लोकही त्यांना पाटीलबाबा म्हणत. घराणं कण्हेरखेडच्या पाटलांचं. पण इतिहासात ते शिंदे म्हणूनच राहिले, कारण शिंदे हे त्यांचं कूळ होतं आणि पाटील हा मान.

पाटील हा शब्द कुठून आला?

संस्कृतातल्या ‘पट्टकिल’ या शब्दावरून तो आला, असं अभ्यासक साधारणपणे मानतात. माळव्याच्या परमार राजांचे जे ताम्रपट सापडलेत, त्यात जमीन दान देताना राजा गावातल्या लोकांना उद्देशून आज्ञा करतो. त्या यादीत ब्राह्मण आहेत, रहिवासी आहेत आणि पट्टकिलही आहेत. प्रसिद्ध भोज राजाचे असे ताम्रपट साधारण हजार वर्षांपूर्वीचे. पट्ट म्हणजे जमिनीचा लेख किंवा सनद, आणि ती ज्याच्या हवाली तो पट्टकिल. बोलण्यात झिजत झिजत त्याचं आपल्याकडे पाटील झालं आणि गुजरातेत पटेल. अमेरिकेत मोटेल चालवणारे पटेल आणि उसाला पाणी पाजणारे पाटील हे शब्दाच्या नात्याने सख्खे भाऊ आहेत. रक्ताच्या नात्याने असतीलच असं काही नाही.

सुलतानी अमलात याच पदाला मोकदम किंवा मुकादम असंही म्हणत, आणि जुन्या कागदांत दोन्ही शब्द एकाच माणसासाठी सर्रास येतात. कानडीत त्याच जागेवर गौड किंवा गौडा बसतो. माजी पंतप्रधान देवेगौडांच्या नावातला गौडा तो हाच.

हे पद करायचं काय? गावचा सारा गोळा करणं, शेतं पडीक राहू न देणं, भांडणतंटे गोताच्या मदतीने मिटवणं, चोरी झाली तर माग काढणं, आणि वर सरकारला जाब देणं. शेवटचं काम सगळ्यात अवघड. साऱ्याचा पैसा भरला गेला नाही की सुलतानाचे, नाहीतर पेशव्यांचे लोक आधी पाटलालाच धरून नेत. त्याबदल्यात त्याला इनाम जमीन मिळे आणि मानपान मिळे. होळीची पहिली पोळी, पोळ्याला पहिला बैल, लग्नात पहिला विडा. या मानासाठी भावाभावांत डोकी फुटल्याची प्रकरणं जुन्या दफ्तरांत ढिगाने आहेत. त्रिंबक नारायण आत्र्यांचं १९१५ सालचं ‘गावगाडा’ हे पुस्तक वाचलंत तर गावात पाटलाचं वजन किती होतं आणि डोकेदुखी किती, हे दोन्ही कळतं.

आता यातली महत्त्वाची गोष्ट. पाटीलकी हे वतन होतं, म्हणजे बापाकडून मुलाकडे जायचं. त्याच्या वाटण्या व्हायच्या, त्या हिश्शांना तक्षिमा म्हणत. इतकंच काय, पाटीलकी किंवा तिचा अर्धा हिस्सा रीतसर विकल्याचीही खरेदीखतं आहेत. दुष्काळ पडला, सारा थकला, कर्ज झालं, की पाटील आपली अर्धी पाटीलकी दुसऱ्या घराण्याला विकून मोकळा व्हायचा. मग एकाच गावात दोन कुळांचे पाटील. रक्ताचा काडीचा संबंध नाही, पण दोघेही पाटील. "जुन्या वाड्यातले का मळ्यातले" हा प्रश्न अशा गावांत आजही उगाच विचारला जात नाही.

पद एक, पण पाटील शेकडो

गावाला पाटील एक. मग आज अर्धं गाव पाटील कसं?

याचं उत्तर भावकीत आहे. पाटीलकीचं काम थोरल्या घराकडे किंवा पाळीपाळीने एकेका तक्षिमेकडे असे, पण पाटील म्हणून हाक त्या घराण्यातल्या सगळ्यांनाच मारली जाई. साधा हिशोब करून बघा. एका पाटलाला दोन मुलगे, त्या प्रत्येकाला दोन, असं धरत गेलं तर आठव्या पिढीला २५६ पुरुष होतात. पिढी पंचवीस वर्षांची धरली तर फक्त दोनशे वर्षांत. प्रत्यक्षात साथी होत्या, दुष्काळ होते, इतकी सरळ वाढ कधीच होत नाही. पण महाराष्ट्रात चाळीस हजारांवर गावं आहेत आणि जवळपास प्रत्येक गावाला कोणी ना कोणी पाटील होता. एका गावातून थोडे थोडे जरी धरले तरी आकडा कुठे जातो ते बघा. एखादं कूळ वाढून वाढून एवढं वाढलं असतं तर त्याला हजार वर्षं लागली असती. इथे हजारो ठिकाणी एकाच वेळी सुरुवात झाली.

तरी आडनाव म्हणून ते पक्कं व्हायला इंग्रजांचा कागद लागला. त्याआधीच्या कागदात माणसाची ओळख म्हणजे स्वतःचं नाव, ‘बिन’ लावून बापाचं नाव, आणि मग अमक्या गावचा पाटील किंवा मोकदम. कूळ लागेल तिथे लिहीत, नाहीतर नाही. इंग्रजी अमलात जमिनीची मोजणी झाली, शाळा आल्या, कोर्ट आलं, पलटणीत भरती सुरू झाली. प्रत्येक ठिकाणी एक रकाना होता आणि तो भरायलाच लागायचा. मास्तरांनी विचारलं, "आडनाव?" बापाने सांगितलं, "पाटील." रजिस्टरला पाटील लागलं ते लागलंच. ज्याने कूळ सांगितलं तो जाधव झाला, पवार झाला.

क्रांतिसिंह नाना पाटील हे याचं ठळक उदाहरण. साताऱ्याचं प्रतिसरकार ज्यांच्या नावाने ओळखलं जातं त्या नानांचं मूळ आडनाव पिसाळ. नाना रामचंद्र पिसाळ. कर्मवीर भाऊराव पाटील १८८७ साली याच कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुंभोजला जन्मले. ते जैन. त्यांच्या घराण्याचं मूळ आडनाव देसाई होतं आणि पूर्वज कर्नाटकातल्या मूडबिद्रीकडून आले, असं त्यांच्या चरित्रांत सांगितलेलं आहे. म्हणजे दोन थोर पाटील घ्या, एकाच कृष्णा-वारणेच्या पट्ट्यातले, आणि दोघांचीही मूळं खणली तर पाटील लागतच नाही. एकाकडे पिसाळ लागतं, दुसऱ्याकडे देसाई. त्यात देसाई हेसुद्धा मुळात एक पदच!

काही घराण्यांनी कूळ आणि मान दोन्ही टिकवलं. लोणीचे विखे पाटील, अकलूजचे मोहिते पाटील. मराठवाड्यात तर कुळापुढे पाटील लावायची पद्धत अजून जिवंत आहे, जरांगे पाटील हे नाव गेल्या काही वर्षांत घराघरांत पोचलंय. या जोडनावांत मूळ रचना उघडी दिसते. आधी कूळ, मग पद. शिवराज पाटील चाकूरकर यांच्या नावात आणखी एक थर होता. पद झालं, आणि वर गावही.

कुठे किती?

आपली जनगणना आडनावनिहाय आकडे प्रसिद्ध करत नाही. त्यामुळे "भारतात इतके लाख पाटील" असा आकडा फॉरवर्ड होऊन आला तर तो जनगणनेतला नाही एवढं नक्की समजा. पण आडनाव कुठे दाट आहे हे कान उघडे ठेवले तरी कळतं.

एक पट्टा कोल्हापूर-सांगलीचा. तो तसाच पुढे बेळगाव, विजयपुरा, गदगपर्यंत कर्नाटकात जातो. एच. के. पाटील, एम. बी. पाटील ही कर्नाटकातल्या मंत्र्यांची नावं, आणि तिकडचे बरेच पाटील लिंगायत. दुसरा पट्टा खानदेशाचा. जळगाव-धुळ्यात लेवा पाटीदार, मराठा, गुजर, राजपूत असे सगळ्यांत पाटील आहेत. माजी राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील जळगाव जिल्ह्यातल्या, राजपूत घराण्यातल्या. १९६५ मध्ये देवीसिंह शेखावत यांच्याशी लग्न झाल्यावरही त्यांनी पाटील हे माहेरचं आडनाव सोडलं नाही. अभिनेत्री स्मिता पाटील हिचं घराणंही खानदेशातलंच. तिसरा पट्टा रायगड-ठाण्याच्या किनाऱ्याचा, तिथले पाटील प्रामुख्याने आगरी आणि कोळी. नवी मुंबईच्या जमिनींसाठी लढलेले दि. बा. पाटील आगरी समाजाचे. मधल्या पुणे-सातारा भागात पाटील कमी, असं वाटतं. पाटील तिथेही होतेच, फक्त दाखल्यावर त्यांनी भोसले, मोरे, शिंदे असं कूळ लिहिलं.

कोल्हापूर जिल्ह्यात हे सगळं एका ठिकाणी बघायला मिळतं. मराठा पाटील, शिरोळ-हातकणंगल्याकडचे जैन पाटील, गडहिंग्लजकडचे लिंगायत पाटील, मुस्लिम पाटील. चौगुले या आडनावाचंही तसंच, कारण चौगुला म्हणजे पाटलाचा मदतनीस, आणि तो ज्या जातीतला असेल त्या जातीत आज चौगुले आहेत. कागलच्या मुश्रीफांचं आडनावसुद्धा पदावरूनच आलेलं, मुश्रीफ म्हणजे हिशोब तपासणारा अधिकारी. गडमुडशिंगीच्या जवळच सरनोबतवाडी आहे. सरनोबत म्हणजे सेनेचा प्रमुख. इथे पदावरून माणसांचीच काय, वाड्यांचीही नावं पडली.

एवढे पाटील झाले की आडनावाचं मुख्य कामच बिघडतं. आडनाव कशासाठी? दोन माणसं वेगळी ओळखू यावीत म्हणून. वर्गात चाळीसातली पंधरा पोरं पाटील असतील तर हाक मारून उपयोग काय? म्हणून या भागाने आपला तोडगा काढला, आणि तो आपल्या नजरेसमोर असूनही सहसा लक्षात येत नाही. आद्याक्षरं! एन. डी. पाटील, डी. वाय. पाटील, पी. एन. पाटील, आर. आर. पाटील, सा. रे. पाटील. सगळे याच कोल्हापूर-सांगलीच्या पट्ट्यातले. पुढे तर पाटील गळूनच पडतं. एन. डी. सर, डी. वाय. दादा, पी. एन. साहेब, आर. आर. आबा. सतेज पाटलांना बंटी म्हणून आख्खा जिल्हा ओळखतो. गावात हेच काम टोपणनावं करतात, आणि मोबाईलमध्ये ‘पाटील दूधवाले’, ‘पाटील ट्रॅक्टर’, ‘पाटील सर गणित’ अशी यादी असते. आडनाव फार वाढलं की माणसं त्याच्यावर विसंबायचं सोडून देतात.

गाव सोडल्याशिवाय ‘कर’ लागत नाही

याच्या बरोबर उलटी चाल ‘कर’ लागलेल्या आडनावांची. मुडशिंगीकर हे नाव घ्या. गडमुडशिंगीत राहून कोणी स्वतःला मुडशिंगीकर म्हणवणार नाही, कारण तिथे सगळेच मुडशिंगीचे. तुम्ही गाव सोडून मिरजेला गेलात, पुण्याला गेलात, की तिथले लोक विचारतात कुठून आलात, आणि मग तुम्ही मुडशिंगीकर होता. होळ गावचे होळकर इंदूरला राज्य करायला गेले म्हणून होळकर. दीनानाथांनी गोव्यातल्या मंगेशीवरून मंगेशकर हे आडनाव घेतलं, आणि ते गाजलं मंगेशीच्या बाहेर. लिओनार्दो दा विंची म्हणजे तरी काय, विंची गावचा लिओनार्दो. आपल्याकडे असता तर विंचीकर झाला असता.

थोडक्यात, ‘कर’ सांगतं की हे घराणं कधीतरी हललंय. पाटील सांगतं की हे घराणं कधीतरी एका जागी घट्ट बसलं होतं.

तिसरा प्रकार बघायचा तर गडमुडशिंगीहून फार लांब जायला नको. शेजारीच गांधीनगर आहे, कापडाच्या ठोक बाजारासाठी प्रसिद्ध. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांची ही वसाहत. त्यांच्या आडनावांच्या शेवटी ‘आनी’ येतं. किरपालानी म्हणजे किरपालच्या वंशातले. ना गाव, ना पद, थेट पूर्वजाचं नाव. गावच मागे राहिलेल्या लोकांना ही पद्धत किती सोयीची पडली असेल, असं मला नेहमी वाटतं. सिंधमधलं घर गेलं, शेत गेलं, पण किरपाल बरोबर आला.

आणि गांधीनगर व्हायच्या आधी तिथे काय होतं? वळिवड्याचा कॅम्प. दुसऱ्या महायुद्धात पोलंडमधून परागंदा झालेली साधारण पाच हजार माणसं, त्यात बायका-मुलंच जास्त, १९४३ ते १९४८ या काळात इथे राहिली. पोलंडमध्ये ‘वुइचिक’ हे अतिशय चालणारं आडनाव आहे, आणि ते ‘वुइट’ म्हणजे गावप्रमुख या शब्दावरून आलं असं एक मत आहे. म्हणजे तो पोलिश पाटीलच म्हणायचा. जर्मन लोकांत शुल्त्स हे आडनाव गावच्या मुखियाच्या पदावरूनच आलं. स्नूपी काढणारे व्यंगचित्रकार चार्ल्स शुल्त्स आठवत असतील, त्यांचं आडनाव तेच. इटलीत पोदेस्ता नावाचा नगराचा अधिकारी असायचा, आणि पोदेस्ता हे आज तिथे आडनावही आहे. जिथे जिथे गाव आणि सरकार यांच्यामध्ये एक माणूस उभा राहिला, तिथे तिथे पुढे त्याच्या नातवंडांनी त्या पदाचं आडनाव केलं.

मग यात अडचण कुठे येते?

अडचण येते ती कागदावर. आणि सध्या कागदाला फार महत्त्व आलंय.

सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदी शोधायचं काम सुरू झालं. तेव्हापासून मोडी वाचणाऱ्यांना चांगले दिवस आले. घरोघरी जुने कागद बाहेर निघाले. इथे पाटील या शब्दाने बऱ्याच जणांची फसगत होते. जुन्या कागदात एखाद्या नावापुढे ‘पाटील’ दिसलं म्हणून तो आपला पणजोबा, असं होत नाही. तो शब्द तिथे पद म्हणून आला असेल. आणि उलटही होतं. तुमचे खरे पणजोबा त्या कागदात पाटील म्हणून नसतील, कुळाच्या आडनावाने असतील, आणि तुम्ही पाटील शोधत बसल्यामुळे ती नोंद नजरेखालून निसटेल.

त्यामुळे शोधताना पहिल्यांदा घरातल्या म्हाताऱ्या माणसांना कूळ विचारा, देवक विचारा, आणि गावची पाटीलकी आपल्याकडे होती का तेही विचारा. मग नाव, बापाचं नाव आणि गाव या तिन्हीवरून शोधा. आडनाव सगळ्यात शेवटी. शाळेचं जनरल रजिस्टर, जुना सातबारा, गाव नमुना १४ ची जन्म-मृत्यूची नोंद, या ठिकाणी वडिलांपासून मागे मागे जाणारी साखळी जुळली पाहिजे.

जातीच्या दाखल्यालाही हेच लागू होतं. पाटील आहे म्हणून कोणी अमक्या जातीचा ठरत नाही आणि पाटील आहे म्हणून कोणी नाकारलाही जात नाही. पुरावा लागतो तो जातीच्या नोंदीचा आणि नात्याचा. तोही ठरलेल्या तारखेच्या आधीचा. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. त्या तारखेला आपलं घराणं इथलं होतं आणि त्या जातीचं होतं, हे दाखवावं लागतं. आजोबांच्या दाखल्यावर कुळाचं आडनाव आणि वडिलांच्या दाखल्यावर पाटील असेल तर हे दोघे एकाच घरातले आहेत हे वेगळं सिद्ध करायला लागतं, आणि तिथेच फायली अडकतात. राजपत्रात जाहिरात देऊन आडनाव बदलता येतं, तो अर्ज आता ऑनलाईनही होतो. पण त्याने पुढचं नाव बदलतं. मागच्या नोंदी आहेत तशाच राहतात.

जमिनीचंही तसंच. गडमुडशिंगीच्या शिवाराने हे जवळून पाहिलंय, कोल्हापूरच्या विमानतळाच्या विस्तारासाठी इथली जमीन गेली. कुठेही भूसंपादन आलं की सातबारावरची सगळी जुनी नावं जिवंत होतात. वारस नोंद वेळेत केलेली नसेल आणि एकाच नावाचे दोन पाटील गावात असतील, तर मोबदल्याचा चेक कोणाच्या हाती द्यायचा याचा घोळ होतो. आडनावाने इथे काही मदत होत नाही. फेरफार आणि वारस नोंद, एवढंच कामाला येतं.

लग्नाच्या बाबतीत मात्र लोक आधीपासूनच शहाणे आहेत. पाटलाची मुलगी पाटलाच्या घरी देताना कोणी "एकच आडनाव कसं" म्हणून अडत नाही. कूळ बघतात, देवक बघतात. म्हणजे पाटील हे रक्ताचं नाव नाही हे सोयरीक जुळवणाऱ्यांना पक्कं ठाऊक असतं. रीलखाली "आम्ही सगळे पाटील एकाच रक्ताचे" असं लिहिणाऱ्यांना तेवढं ठाऊक नसतं. गाडीच्या मागच्या काचेवर भलामोठा ‘पाटील’ लिहायला हरकत काहीच नाही. फक्त पुढच्या गाडीवर जो ‘पाटील’ लिहिलेला आहे तो आपला भाऊबंद असेलच, असं धरून चालू नये.

पदाचं पुढे काय झालं?

कोल्हापूर संस्थानात या बदलाची चाहूल लवकर लागली होती. गावच्या पाटलाला काम नीट यावं म्हणून शाहू महाराजांनी कोल्हापुरात पाटलांसाठी शाळा काढली होती. कुलकर्णी वतन तर त्यांनी १९१८ सालीच बंद केलं आणि त्या जागी पगारी तलाठी नेमले. म्हणजे गावचा कारभार जन्माने मिळू नये, शिकून मिळावा, ही कल्पना इथे स्वातंत्र्याच्या बरीच आधी आली.

स्वातंत्र्यानंतर १९६२ च्या कायद्याने महाराष्ट्रातलं वंशपरंपरागत मुलकी पाटलाचं पद रद्द झालं. वतन गेलं, इनाम गेलं. आडनाव तेवढं राहिलं, आणि गंमत म्हणजे पद गेल्यावरही ते वाढतच गेलं.

पण पदाचा एक तुकडा अजून आहे. १९६७ च्या ग्रामपोलीस कायद्याने पोलीस पाटील नेमायची सोय केली. ही नेमणूक वारसाने होत नाही. प्रांत कार्यालयाकडून जाहिरात निघते, परीक्षा होते. दहावी पास पाहिजे, वय २५ ते ४५ मध्ये पाहिजे, आणि त्याच गावचा रहिवासी पाहिजे. आरक्षण आहे, महिलांसाठी जागा आहेत. २०२४ मध्ये मानधन महिना १५ हजार रुपये करायचा निर्णय झाला. गावात अनोळखी प्रेत सापडलं, भांडण झालं, पूर आला, की पोलीस ठाण्यात पहिला फोन करायचं काम आजही याच माणसाचं.

आणि कितीतरी गावांत आज त्या माणसाचं आडनाव कांबळे असतं, सुतार असतं, मुल्ला असतं. गावात दोनशे पाटील राहतात, पण पाटील ती एकटी बाई असते, आणि दाखल्यासाठी सही आणायला सगळे पाटील तिच्याच दारात उभे असतात.